मातीचं विरजण

माघ उतरणीला लागला की बाजारात दवणा येतो. राखाडी-हिरव्या, बारीक कातरलेल्या पानांच्या जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळून बायका बसतात, आणि येणारा-जाणारा उगीचच एक श्वास लांब ओढून घेतो. माझी लेक दरवर्षी एक जुडी घरी आणते. आधी स्वतः हुंगते, मग बापाच्या नाकाशी नेते, आणि माझ्याकडे वळेपर्यंत मी पदर नाकाला लावून परसदारी पोहोचलेली असते.

“आई, दवणा हाय तो. मेलेला उंदीर न्हाई.”

उंदीर असता तर मला एवढा त्रास झाला नसता. उंदीर मेला की घाण येते, माणूस नाक मुरडतो, संपलं. दवण्याचा वास गोड. थंड. ओल्या मातीत कापूर विरघळावा तसा. त्याच्या तळाशी काय असतं ते सांगायला गेलं की लोक सांगणाऱ्याकडेच संशयानं बघतात. आमच्या घरात तर मी तोंड उघडायच्या आधी सगळ्यांना आपापल्या चपला सापडतात. “झालं, आईच्या गाठी निघाल्या,” म्हणत धाकटा सायकल बाहेर काढतो. म्हणून यंदा लिहायला बसले. कागद उठून जात नाही.

माझ्या किळसेबद्दल आधीच सांगितलेलं बरं. भेंडी चिरताना तार सुटली की मी विळी सोडून उठायची. पावसाळ्यात भिंतीवर गोगलगाय दिसली की त्या दिवशी मला भात नको व्हायचा, कारण भात पांढरा असतो आणि ओला असतो. उदगीरला आमच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, “हिला मोत्याच्या दुकानात द्या बाई, दुसरीकडं टिकायची न्हाई ही.” दिली ती सीमेपलीकडं, कन्नड मुलखातल्या कल्याण तालुक्यात, कोहिनूरच्या अलीकडच्या एका गावात, उकिरड्याला लागून दार असलेल्या घरात. लग्न जमवताना वडिलांनी छाती फुगवून सांगितलं होतं, पोरगी मॅट्रिक आहे. नाकाविषयी ते काही बोलले नाहीत. सासरची माणसं भोळी, त्यांनी विचारलं नाही.

त्या गावाला दोन रंगांची जमीन आहे. ओढ्याकडची काळी आणि माळाकडची तांबडी, मुरमाड. कोणती कुणाकडे हे गावाकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. अप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं रान तांबड्यात होतं. छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरातला देव्हारा गेला आणि भिंतीवर दोन तसबिरी आल्या. पण चैतात गावोगावच्या देवांना दवणा वाहतात, आणि दवण्याला तांबडी, हलकी जमीन मानवते. “आपल्याला देव लागत न्हाई, पण देवाला आपला दवणा लागतो,” असं म्हणून अप्पा स्वतःच हसायचे. जुडी बांधली की ते तिच्यावर आमच्या विहिरीचं पाणी शिंपडायचे. घेणारे घेऊन जायचे. पाणी कुणाच्या विहिरीचं, हे दवण्याच्या वासात कुणाला आठवायचं नाही. एरवी बरोबर आठवायचं.

आमच्या वरच्या अंगाला शिवलिंगअण्णांचं वांग्या-मिरचीचं रान होतं. त्यांची विहीर मोठी, आमची नावापुरती. त्यांच्या पाटातून सुटलेलं पाणी उतारानं आमच्या बांधाशी यायचं, आणि अप्पा ते वाया जायला नको म्हणून फावड्यानं दवण्याकडं वळवून घ्यायचे. या पाण्याबद्दल शिवलिंगअण्णांनी कधी तक्रार केली नाही. खाली जाणाऱ्या पाण्याबद्दल कुणाचीच तक्रार नसते. अण्णा वरून हाक मारायचे, “ए संभ्या!” अप्पांचं नाव संभाजी. वय अण्णांपेक्षा जास्त.

माझं लग्न झालं त्या पावसाळ्यात गावात नवा ग्रामसेवक आला होता. उत्साही माणूस. त्यानं भुईमुगाचं रोप उपटून सगळ्यांना मुळावरच्या गाठी दाखवल्या. मोहरीएवढ्या, गोल, टणक. “ही गाठ म्हणजे रोपाची घरची खताची गिरणी,” तो म्हणाला. “फोडून बघा, आत गुलाबी दिसंल. जेवढ्या गाठी तेवढं रान जोरात.” या गाठी याव्यात म्हणून बियाण्याला चोळायचं काळ्या भुकटीचं एक पाकीट मिळायचं, पण पाकिटं वरच्या आळीतच संपली. आमच्या आळीपर्यंत आलं ते फक्त भाषण. अप्पांनी विचारलं, “पाकीट न्हाई मिळालं तर?” त्यावर तो म्हणाला, “ज्या रानात गाठी आल्यात तिथली टोपलंभर माती आणून आपल्या रानात विस्कटायची. दुधाला विरजण लावतो तसं.”

विरजण हा शब्द अप्पांना फार आवडला. पुढं कितीतरी दिवस ते जेवताना ताकाच्या वाटीकडं बघून म्हणायचे, “मातीला बी विरजण लागतंय, बघा.”

त्या ग्रामसेवकानं एक सांगायचं सोडलं. ह्या गाठी भुईमुगाच्या, तुरीच्या, हरभऱ्याच्या. शेंगा धरणाऱ्या पिकांच्या. त्यानं ते सांगितलंही असेल, आणि आमची आळी मागं उभी असल्यानं ऐकू आलं नसेल. मागं उभं राहून ऐकलेल्या शास्त्राचं असंच होतं.

पौषातली सकाळ होती. दवण्याची लावण जीव धरून चांगली वीतभर झाली होती. मुळं किती खोल गेलीत ते बघायला अप्पांनी एक रोप उपटलं आणि ते तसंच हातात धरून, माती सांडत, लग्नातल्या करवल्याच्या ऐटीत घरात आले.

“अगं ऐकलीस का, गूळ काढ! पोरी, तू शिकलेली हायस, इकडं ये. बघ हे.”

मी पाहिलं. आजही डोळे मिटले की ते मूळ दिसतं. केसासारखं बारीक असायला हवं होतं, ते जागोजागी सुजलेलं. हरभऱ्याएवढ्या गाठी, एकीला एक चिकटलेल्या, आल्याच्या तुकड्यांसारख्या वाकड्या. संधिवात झालेल्या म्हातारीची बोटं कुणीतरी तोडून हातात द्यावीत तसं ते दिसत होतं. वर मात्र दवणा घमघमत होता. अप्पांनी ते माझ्या नाकाजवळ आणलं तेव्हा वास आणि दृश्य एकाच वेळी आत शिरलं, आणि माझ्या आत कुठंतरी त्या दोघांची गाठ पडली ती कायमची.

“मला कसंतरी व्हायलंय अप्पा.”

“भुईमुगाला यवढ्याशा आल्या तर लोक नाचायलेत, आपल्या दवण्याला बघ केवढाल्या! आणि हिला कसंतरी व्हायलंय म्हणं.”

त्यांनी एक गाठ नखानं फोडली. आत गुलाबी नव्हतं. पांढरट, पाणचट, ओलसर काहीतरी होतं. अप्पांनी नख धोतराला पुसलं. मग म्हणाले, “कवळी हाय अजून. पिकली की व्हईल गुलाबी.”

आम्ही गूळ खाल्ला. मी डोळे मिटून खाल्ला.

बातमी गावात गेली. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी, ऊन डोक्यावर यायच्या सुमाराला, आमच्या दारात हाक आली, “संभाजी हायस का घरात?”

माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, हातातला तवा तसाच चुलीवर सोडून दाराशी गेल्या. शिवलिंगअण्णा आमच्या अंगणात उभे होते. रिकामं टोपलं हातात. त्या घरात सून म्हणून आल्यापासून आत्यांनी ह्या माणसाला आमच्या अंगणात पाहिलं नव्हतं. बांधावर पाहिलं होतं, वरून ओरडताना पाहिलं होतं.

“तुझ्या रानात गाठी लई धरल्यात म्हणायलेत. टोपलंभर माती दे की. वांग्याला टाकून बघतो.”

आता हे समजायला हवं. आमच्या घरचं विरजण कधी कुणी नेलं नव्हतं. आत्यांच्या हातचं दही असं लागायचं की सुरीनं कापावं. तरी वाटी घेऊन कुणी आलं नाही, की आमची वाटी कुणी भरून दिली नाही. आणि आज टोपलं घेऊन माणूस आला होता. मातीच्या विरजणासाठी. अप्पांनी स्वतः कुदळ घेतली आणि सगळ्यांत जास्त गाठी असलेल्या ओळीची माती निवडून उकरली. सोनं द्यावं तशी ती टोपल्यात हलक्या हातानं ठेवली. आत्यांनी मला खूण केली, मी तांब्या घेऊन पुढं झाले.

“बेडा, बेडा,” अण्णा घाईनं म्हणाले. नको, नको. “आत्ताच पिऊन आलो.”

माती चालली. पाणी चाललं नाही. मी तांब्या परत ठेवला. पण अप्पा इतके खुशीत होते की ते त्यांना दिसलं नसावं, किंवा दिसूनही त्यांनी बाजूला ठेवलं असावं. त्यानंतर वरच्या आळीतले आणखीही आले, टोपली घेऊन. त्या दिवसांत अप्पा सदऱ्याची गळ्याजवळची गुंडी लावू लागले. कोण कधी येईल सांगता येत नाही, म्हणायचे.

मग दवण्यानं माना टाकायला सुरुवात केली.

पायाखालची माती ओली, आणि दुपारी रोपं तहानेनं मेल्यासारखी. संध्याकाळी सावरायची, दुसऱ्या दुपारी पुन्हा आडवी. हळूहळू रानात पिवळे चट्टे उठले आणि नायटा पसरतो तसे कडेकडेनं वाढत गेले. आत्या म्हणाल्या, “नजर लागली. लोक येऊन टोपली भरून न्यायलेत, नजर लागंल न्हाई तर काय.”

“आपल्यात आता नजर बसत न्हाई,” अप्पा म्हणाले.

“मग काय बसतंय ते तरी सांगा!”

शेवटी अप्पा कल्याणला जाऊन शेतकी खात्यातल्या एका साहेबाला घेऊन आले. तरुण मुलगा, मिशी नुकती फुटलेली, पायात बूट. त्यानं दोन रोपं उपटली, गाठी बघितल्या आणि त्याचा चेहरा पडला. खिशातलं पातं काढून त्यानं एक गाठ उभी चिरली, तळहातावर ठेवली आणि वर भिंग धरलं. अप्पांनी बघितलं. मग नेहमीप्रमाणे, “पोरी, तू शिकलेली हायस.”

भिंगाखाली त्या लिबलिबीत मांसात एक टपोरा, पांढरा, चमकणारा दाणा होता. मोत्यासारखा.

“ही मादी,” साहेब उत्साहानं सांगू लागला. “एकदा मुळात शिरली की जागची हलत नाही. जन्मभर तिथंच बसून खाते आणि फुगते. आणि हा मागचा डिंकासारखा गोळा दिसला? ह्यात अंडी असतात. शेकड्यांनी. एका मुळात अशा किती असतील विचार करा.”

मी विचार केला. माझं सासर मोत्याच्या दुकानातच होतं तर. साहेबाच्या बुटापासून वीतभर अंतरावर मी ओकले, आणि दवण्याच्या ओळीत खाली बसले.

आत्या धावत आल्या. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, मग साहेबाकडं, मग अप्पांकडं बघितलं, आणि त्यांच्या सगळ्या चेहऱ्यावर हसू पसरलं. माझे यजमान तेव्हा हुमनाबादला नोकरीला होते आणि मागच्याच महिन्यात येऊन गेले होते. पुढचे काही दिवस मला जड उचलू दिलं नाही, शेणाला हात लावू दिला नाही, आणि मीही, खरं सांगायचं तर, शेण टळतंय म्हणून फार विरोध केला नाही. पंधरवड्यानं खरं काय ते कळलं तेव्हा आत्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. त्या हंगामात आमच्या घरानं दोन आनंद साजरे केले, दोन्ही वेळा गूळ वाटला, आणि दोन्ही वेळा पोटात भलतंच निघालं.

किड्याचं नावही साहेबानं सांगितलं. “सूत्रकृमी.”

“काय?” आत्या म्हणाल्या. “सूत्र तर आपण विहारात म्हणतो. किड्याला कामून सूत्र म्हणायलेत?”

“सूत्र म्हणजे दोरा, आजी. दोऱ्यासारखा बारीक किडा. पिल्लं दोऱ्यासारखी असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. मातीतनं, पाण्यातनं, पायाच्या चिखलातनं जातात. कन्नडमध्ये जंतुहुळ म्हणतात.”

जंत म्हटल्यावर आत्यांना सगळं उमगलं. पोरांना जंत झाले की त्या वावडिंगाचा काढा द्यायच्या. दुसऱ्या दिवशी मी उठून रानात गेले तर त्या वावडिंगाचं पातेलं घेऊन दवण्याच्या बुडाशी ओळीनं पळी-पळी काढा घालत होत्या, आणि रोपाला समजावत होत्या, “कडू हाय, पण पी गं बाई.”

पण हे दुसऱ्या दिवशीचं. त्या आधीची संध्याकाळ वेगळी होती. साहेब गेला होता. जाताना त्यानं सहज विचारलं होतं, “इथली माती बाहेर कुठं गेली नाही ना?” आणि अप्पांनी त्याला बांधाकडची वाट दाखवली होती. आता ते चुलीसमोर बसले होते आणि आत्या भाकरी थापत होत्या, नेहमीपेक्षा जोरात.

“सांगू नका,” आत्या म्हणाल्या. “मातीतला किडा कुणाला दिसायलाय? आपोआप आला म्हणतील.”

“माती मी दिलोय. माझ्या हातानं उकरून.”

“तेच तर म्हणायलेय मी! ते किड्याचं नाव घेणार न्हाईत. हाताचं घेतील.”

भाकरी तव्यावर पडली. अप्पांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माणसं दारात आली होती. नाव घेऊन आली होती. सकाळी जाऊन सांगायचं ते हेच की तुम्ही ज्यासाठी आमच्या दारात आलात तो रोग होता.

“संभाजी म्हणाले ते मी ऐकून घेतलो,” ते म्हणाले. “गोड वाटलं मला. आता गप बसलो तर ते नाव मलाच कडू लागंल.”

सकाळी गुंडी लावून ते वर गेले. मी आमच्या बांधावरून बघत होते. शब्द सगळे ऐकू येत नव्हते, पण एक वाक्य आलं, कारण ते सगळ्या माळावर ऐकू जावं म्हणूनच म्हटलेलं होतं.

“तुझ्या मातीनं माझं रान बाटवलास की रे, संभ्या!”

आत्या म्हणाल्या होत्या त्यात एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही.

आठवड्यानं साहेब पुन्हा आला तो अण्णांच्याच बोलावण्यानं. वांग्याच्या रानात आम्हीही होतो, खाली मान घालून, गुन्हेगारासारखे. आमची माती ज्या वाफ्यात विस्कटली होती तिथलं रोप साहेबानं उपटलं, त्याला बारीक गाठी धरल्या होत्या. मग न सांगताच तो पार दुसऱ्या टोकाला गेला, जिथं आमच्या मातीचा कण पोहोचला नव्हता, आणि गेल्या सालच्या वांग्याचं एक वाळकं खोड ओढून काढलं. त्याच्या मुळाला लिंबाएवढ्या गाठी होत्या. काळ्या पडलेल्या, कुजून पोकळ झालेल्या, आत बोट घातलं तर चिखल होणाऱ्या. वास असा आला की अण्णांच्या बायकोनंही तोंडाला पदर लावला.

“हे तर लई वर्षांचं दुखणं दिसतंय,” साहेब म्हणाला. मग त्यानं वर अण्णांच्या विहिरीकडं बघितलं, पाटाकडं बघितलं, उतारानं नजर खाली नेली ती आमच्या दवण्यापर्यंत. “पाणी ह्या बाजूनं खाली जातं व्हय?”

पाणी तर कायमच त्या बाजूनं खाली जात होतं. म्हणजे अण्णांनी टोपल्यातून वर नेलं ते त्यांचंच होतं, पाण्यातून आधी खाली पाठवलेलं. अप्पांनी एवढंच म्हटलं, “कुणाचा का आसंना, आता दोघांचा झालाय. काढायचा कसा ते सांगा.”

काढायचा कसा, हे लिहिताना माझी लेखणीसुद्धा नाक मुरडते. सगळी रोपं मुळासकट उपटायची, वाळवायची, जाळायची. रान खोल नांगरून चैत-वैशाखाच्या उन्हात भाजायला उघडं टाकायचं. मग लिंबोळीची आणि एरंडीची पेंड मातीत कुजवायची. पावसाळ्यात झेंडू लावायचा, कारण त्याच्या मुळांचा ह्या किड्याला त्रास होतो. दाणेदार औषधही होतं, पण ते अप्पांनी नाकारलं. “लोक नाकाला लावून हुंगतात ही वस्तू. हिला इख कसं घालू?” आणि शेवटचं: ह्या रानातून त्या रानात जाताना पाय, खुरपं आणि बैलाचे खूर बांधावर धुवायचे. चिखलाबरोबर किडा जातो.

दवणा वाळला की त्याचा वास वाढतो, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असेल. आम्ही उपटलेली रोपं खळ्यावर मुळं वर करून पसरली होती, तंगड्या वर करून मेलेल्या कोंबड्यांसारखी. गाठी उन्हात आंबट व्हायच्या, माशा घोंगावायच्या, आणि खालून दवणा गोड, आणखी गोड होत जायचा. त्यात पेंडीचा ढीग. एरंडीची पेंड ओलवून झाकली की तिसऱ्या दिवशी तिच्यातून जो वास उठतो त्याला माझ्या मॅट्रिकच्या मराठीत शब्द नाही. तो केसांत बसला, लुगड्यात बसला, भाकरीत आला. हातानं कालवायची, कारण फावड्यानं गठ्ठे राहतात. कोपरापर्यंत त्या कोमट लगद्यात हात घालून मी उभी राहायची आणि आत्या म्हणायच्या, “श्वास घेऊ नको, मग काय न्हाई.” त्यांचं हे तंत्र मी पुष्कळ ठिकाणी वापरून पाहिलं आहे. फार वेळ जमत नाही.

दवणा जाळला त्या दिवशी धूर गावावर गेला, आणि वरच्या आळीतली एक बाई कुणाला तरी म्हणाली म्हणे, “कसला छान वास सुटलाय, कुणाच्यात पूजा हाय?”

बादलीचं आता सांगते. ते सांगायचं म्हणूनच एवढं लिहिलं.

अप्पांनी साहेब गेला त्या दिवशीच आमच्या बांधावर एक बादली भरून ठेवली. येईल त्यानं त्यातलं पाणी घेऊन पाय धुवायचे. एकच बादली. शिवलिंगअण्णा रान बघायला उतरले तेव्हा त्यांनीही त्यातल्याच पाण्यानं पाय धुतले. आमच्या विहिरीचं पाणी त्यांच्या पायाला लागलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मला बरं वाटलं, ते लपवत नाही. आज पायाला, उद्या ओठाला, असं काहीतरी माझ्या वेड्या मनात आलं. मॅट्रिकच्या मुलींना असं फार लवकर वाटतं.

मग अण्णांच्या रानातली वांगी उपटायची वेळ आली. माणसं कमी पडत होती. अप्पा म्हणाले, जा, आपली बी माती तिथं गेलीय. मी आणि आत्या गेलो. त्यांच्या घरच्या बायका आणि आम्ही, एकाच ओळीत वाकून, त्या कुजक्या गाठी ओढून काढत होतो. त्यांच्या हातांना तोच चिकट काळा राप, आमच्या हातांना तोच. त्यांच्या एका सुनेला मळमळलं तेव्हा मीच तिची पाठ चोळली. सगळ्यांना सारखीच किळस येत होती. दुपारपर्यंत मला ते जवळजवळ आवडायला लागलं होतं.

परतताना अण्णांच्या बांधावर आलो. तिथं हात धुवायला दोन भांडी होती. एक नवी कोरी बादली, कडीची. आणि थोडा बाजूला डालड्याचा जुना डबा, त्याच्या तारेला लाल चिंधी बांधलेली. मी पुढची म्हणून बादलीकडं वाकले.

“ती न्हाई ग बाई,” अण्णांची बायको मागून म्हणाली. आवाज अगदी साधा होता, मिठाचा डबा कुठं आहे ते सांगावं तसा. “तुमची ती. चिंधीची.”

आत्यांनी डबा उचलला आणि माझ्या हातांवर पाणी ओतलं. तोच राप, तीच अंडी, तेच न दिसणारे दोरे माझ्या बोटांवरून खाली गेले. बाजूला त्या बायका कडीच्या बादलीतून हात धूत होत्या. मी खाली बघत होते म्हणून मला दिसलं. दोन्ही पाणी बांधावर एकत्र झाली, आणि एकच ओघळ होऊन उतारानं आमच्या रानाकडं निघाली.

मी ओकले. ह्या वेळी कुणीही गूळ काढला नाही.

घरी आत्यांनी अप्पांना सांगितलं, तेही चार शब्दांत. अप्पा जेवत होते. त्यांनी घास ताटात ठेवला आणि डाव्या हातानं सदऱ्याची गळ्याजवळची गुंडी काढली. पुन्हा ती त्यांनी लावलेली मला आठवत नाही.

ह्या गोष्टीला आता पंधराएक वर्षं झाली. किडा पुरता गेला नाही. झेंडू लावला, ऊन दिलं, पेंड घातली की दबतो, हयगय केली की वर येतो. दसऱ्याला आमचा झेंडू सगळ्या गावाच्या दारांवर असतो आणि चैतात दवणाही जातो, थोडा का होईना. बाजारात त्याच्या जुड्या मुळं छाटून येतात. लेकीनं आज आणलेल्या जुडीलाही मुळं नाहीत. ती म्हणते, कुठंय गं घाण, दाखव. मी काय दाखवणार?

दाखवायचं तर मला त्या चिंधीच्या डब्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ दाखवावी लागेल. अप्पा उजाडताच फावडं घेऊन वरच्या बांधावर गेले आणि जिथून अण्णांच्या पाटाचं पाणी आमच्याकडं शिरायचं तिथं दगड टाकून, चिखल लिंपून त्यांनी ते तोंड बंद करून टाकलं. उन्हाळा समोर उभा होता. आमच्या विहिरीला तळ दिसत होता. थोड्याच वेळात वरती पाणी तुंबलं आणि अण्णा ओरडत आले.

“ए संभ्या! पाणी कामून अडवलास? फुकटचं येतंय ते बी नको झालं व्हय?”

अप्पा चिखलावर पाय दाबत होते. त्यांनी वर बघितलं, आणि अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाले,

“किडा येतोय, अण्णा.”

कोणता, ते अण्णांनी विचारलं नाही. अप्पा आमच्या बादलीपाशी आले, पाय धुतले, आणि घराकडं निघाले.